मुंबईचे पाच गडी

कय्यूमचं पत्र येऊन दुसरी दिवाळी उलटून गेली होती आणि वामनरावांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र हरवलं होतं असंही नाही. अमरावतीच्या त्यांच्या खोलीत ते संस्कृत-मराठी कोशाच्या पानांत होतं, आणि कोश उघडायची वेळ आली की वामनराव दुसरा एखादा शब्द वापरून भागवून नेत. शाळेत ते मराठी शिकवत आणि ग्रंथालयाची किल्ली सांभाळत. उत्तरं त्यांनी मनात पुष्कळ लिहिली. एक फार लांब झालं, एक फार गोड झालं, एक तर मुलांना निबंध घालून द्यावा तसं झालं. शाईपर्यंत कोणतंच पोचलं नाही.

पुतण्याच्या साक्षगंधासाठी अकोल्याला निघताना मात्र त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. मूर्तिजापूरला बस थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा त्यांनी ते काढलं आणि पाठ असलेलंच पुन्हा वाचलं.

'वामन, अक्षर बिघडलं आहे. मराठी लिहायला इकडे कारणच पडत नाही. माझं खेळणं संपलं. आमच्याकडे मैदानावरच्या काथ्याच्या मॅटिंगा काढून टाकल्या, आता सगळीकडे गवताची विकेट, आणि गवतावर माझा बॉल सरळ जातो. तुला माहीत आहे, मी सतरंजीवर शिकलो. अम्मी पत्रात लिहवते की मुंबईत मी पाच विकेट घेतल्या. मुंबईत मी एकही घेतली नाही. तू पेपर वाचतोस, तुला हे ठाऊक असणार. मग हे पाच कोणी घेतले? मी रागावलो नाही. वाचून बरं वाटलं. अम्मीला एकदा भेटायचं आहे. इकडचा बाबू म्हणतो, तिकडच्या कुणी नोकरीवाल्या माणसानं लिहून दिलं की हा माझ्या ओळखीचा, माझ्याकडे उतरेल, तर काम सोपं होईल. बहिणीचा नवरा घाबरतो. तू लिहशील का? आणि आलो तर त्या पाचांचं काय करू, तेही लिही.'

दोन प्रश्न होते. एकाचं उत्तर द्यायला थोरल्या भावाची भीती आड येत होती आणि दुसऱ्याला स्वतःचीच.

*

अकोल्याच्या घरी पोचले तेव्हा अंगणात सतरंजी अंथरणं चाललं होतं. आजोबांच्या वेळची ती, तांबड्या-निळ्या पट्ट्यांची, लांबलचक. वाटण्या झाल्या, शेतं दोन ठिकाणी गेली, पण सतरंजी वाटता येईना म्हणून ती थोरल्याकडे राहिली. आळीत कुणाचंही लग्न असो, तेरवी असो, माणूस सतरंजी मागायला याच घरी यायचा.

"भाऊजी, ते टोक धरा जरा," गोदावहिनी म्हणाल्या. "आणि ते ठिगळ इकडं येऊ द्या. तुमच्या दादाचा हुकूम आहे, ठिगळावर पाहुण्यांची गादी टाकायची. इवायाले दिसलं नाही पाहिजे."

"व्याह्यांना ठिगळाचं काय?"

"ते तुमच्या दादाले विचारा. ठिगळ दिसलं का कोणी विचारन, कसं पडलं. मंग नाव निघन. नाव निघालं का गाव निघन." वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि ठिगळावरून त्यांनी हात फिरवला. पुरणपोळीएवढं ते ठिगळ, चार रंगांच्या सुतांनी रफू केलेलं. "म्या नवीन नवरी होती. सासूबाईनं पहिलं काम हे देल्लं. दर हिवाळ्यात रफू करा आणि दर हिवाळ्यात तुमच्या दोस्तानं फाडा."

पोरपणीच्या त्या काळ्या मातीच्या मैदानाला उन्हात भेगा पडत. चेंडू भेगेत पडला की कुठंही जाई, कुणाच्या डोक्यात, कुणाच्या गुडघ्यात. क्लबाची काथ्याची मॅटिंग या पोरांना कोण देणार. मग वामन घरातून सतरंजी चोरून आणी, पोरं ती लांबीनं अंथरत, काठांना खिळे ठोकत, आणि कय्यूम दूरच्या बाभळीपासून धावत येई. चेंडू सोडताना त्याचा उजवा पाय मागून घासत येई, नेमका एकाच जागी. सतरंजी तिथं विरली, मग फाटली. सुताच्या विणीवर पडलेला त्याचा चेंडू असा वळून आत येई की खेळणाऱ्याला कळायच्या आत मागचे दांडे उडत.

यष्टींच्या मागं उभा असे वामन. बॅट घ्यायची त्याची छाती नव्हती आणि चेंडू टाकायचं अंग नव्हतं. म्हणून मागं, हातात हातमोजे, करंगळीला करंगळी लावून. कय्यूमच्या एका चेंडूनं त्याची उजवी करंगळी मोडली होती. ती अजून वाकडी होती, खडू धरताना वेगळी राही.

कय्यूमचं घर पिंजाऱ्याचं. दिवाळीच्या पुढंमागं त्याचे वडील खांद्यावर कमान घेऊन घरोघर जात, जुन्या गाद्यांचा कापूस काढून पिंजून देत. कमानीची तात, म्हणजे ताणलेली तार, लाकडी मोगरीनं टणत्कारे, कापूस उडत राही, आणि कय्यूम लहानपणापासून ती मोगरी मारत आलेला. असा खांदा तालमीत होत नाही, असं वामनचं मत होतं. पण त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस साली वडील वारले आणि कय्यूम मामाबरोबर कराचीला गेला. त्याची आई, चांदबी, गेली नाही. नवऱ्याची कबर आणि कमान सोडून मी कुठं जाऊ, म्हणाली. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लेकीकडे राहायची आणि अजूनही हातानं चाचपून गादी भरून द्यायची.

"तुम्ही उत्तर देल्लं का हो कय्यूमले?" वहिनींनी सहज विचारावं तसं विचारलं.

वामनरावांनी खिशाला हात लावला. "नाही."

"काहून?"

"दादा नको म्हणाला होता."

"दादा त नवऱ्यामुलाच्या कपड्याच्या रंगालेही नाहीच म्हणून राहिला होता. तरी आणले म्या." वहिनी उठल्या, गुडघे झटकले. "मागच्या महिन्यात चांदबी आल्ती. डाव्या डोळ्यानं आता काहीच दिसत नाही म्हणे. उजव्यानं अंधार आणि उजेड. तुम्ही अमरावतीले पुस्तकं लावत बसा."

*

दादा, म्हणजे भगवंतराव, ओट्यावर याद्या पाहत बसले होते. वामनराव पाया पडले तसं त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"वामन, एक ऐक. आज चांदबी येईन. गादी घेऊन. येऊ दे, बसू दे, खाऊ दे. पेपर-बिपर काही वाचायचं नाही. पाहुणे दर्यापूरचे आहेत, मानमरातबवाले. उत्तमची तहसिलात निवड झाली, पोलिसांची चौकशी व्हायची आहे. चीनच्या लढाईपासून कसून पाहतात. आपल्या घरी कराचीचं नाव नको."

"दादा, आई-लेकाची भेट..."

"म्या काय दगड आहो काय?" भगवंतराव आवाज खाली आणून म्हणाले. "त्याच्या बापानं माझ्या लग्नाची गादी भरली. मले माहीत नाही काय? पण पोराची नोकरी आहे. ती एकदा पक्की होऊ दे, मंग पाहू."

हे 'मंग पाहू' वामनरावांच्या ओळखीचं होतं. ते स्वतःही स्वतःला तेच सांगत आले होते. दादाचं कारण निदान दादाच्या पोटचं होतं.

त्यांचं स्वतःचं कारण कुणाला माहीत नव्हतं. कय्यूमचं नाव पहिल्यांदा वर्तमानपत्रात आलं, चौपन्न-पंचावन्नच्या हिवाळ्यात, तेव्हा ते सुटीत अकोल्याला आले होते. चांदबी आली, पेपर उलटा धरून बसली आणि म्हणाली, "वाच, बेटा." कय्यूमनं मॅटिंगवर चार गडी बाद केले होते. वामननं वाचून दाखवलं. चांदबीचा चेहरा असा झाला की गोदावहिनी चहा ठेवायला उठून आत गेल्या. पुढच्या सामन्यात काहीच नव्हतं. चांदबी पुन्हा येऊन बसली. वामननं पेपरकडं पाहिलं आणि म्हणाला, "दोन, खाला."

तिथून सुरू झालं. कय्यूमची कारकीर्द म्हणायची तर फार मोठी नव्हती. कधी संघात, कधी बाहेर. वेस्ट इंडीजला गेला तो बहुतेक पाणी न्यायलाच. एक मालिका खांदा दुखावून गेली. पण वामनरावांच्या तोंडून ती वाढत गेली. ज्या दिवशी तो खेळला नाही त्या दिवशीही त्याच्या चेंडूनं कुणाची तरी बॅट मोडली. साठ साली पाकिस्तानचा संघ इकडे आला. मुंबईच्या सामन्यात कय्यूम होता, पण अकोल्याला यायची परवानगी त्याला नव्हती. वामनरावांनी रजेचा अर्ज लिहिला आणि फाडला. एवढी गर्दी, मुंबई, आणि भेटून बोलायचं काय? रविवारी अकोल्याला येऊन घरच्या रेडिओला कान लावून ते बसले आणि शेजारी चांदबी. इंग्रजी तिला कळत नव्हतं. दिवसभर कय्यूम टाकत राहिला. एकही गडी नाही. रेडिओवरची गर्दी ओरडली की चांदबी विचारायची, "हा?"

संध्याकाळपर्यंत ते पाच झाले होते.

*

पाहुणे अकराच्या सुमाराला आले. मुलीचे वडील किसनराव, दर्यापूरचे कापूसवाले, अंगानं भारदस्त, आवाज बैल हाकताना असावा तसा. गादीवर बसताच त्यांनी पाय पसरले, घरच्यासारखं बोलायला सुरुवात केली आणि भगवंतरावांचे खांदे थोडे सैल पडले. मुलीला कुंकू लागलं, साडी-चोळी झाली, उत्तमला टोपी-उपरणं झालं. कढी-भज्यांचा वास अंगणात आला. बुंदीची ताटं फिरली.

त्याच वेळी चांदबी आली. जावयानं डोक्यावरची नवी गादी ओट्यावर टेकवली आणि तो जिनिंगमध्ये कामावर गेला. चांदबी सतरंजीच्या काठाकाठानं चाचपत त्या टोकाशी आली, जिथं ती गेली सतरा वर्षं बसत होती, आणि खाली बसून हातानं सतरंजी शोधू लागली. हाताला गादीची कड लागली. तिनं गादीखाली बोटं घातली.

"काय हरवलं, बाई?" किसनराव सरकून बसले.

"पोराचा पाय," चांदबी म्हणाली.

भगवंतराव घाईनं पुढं झाले. "म्हातारी आहे, दिसत नाही तिले. चांदबी, इकडं सावलीत ये..."

"राहू द्या, राहू द्या." किसनरावांनी गादी स्वतःच्या हातानं मागं ओढली. "इथं काही तरी आहे खरं. हे रफू केलेलं?"

"तेच." चांदबीचा तळवा ठिगळावर स्थिरावला. "माह्या पोरानं फाडलं. इथं पाय घासे तो. बॉल टाकताना."

"कोणता पोरगा? क्रिकेट खेळते?"

"खेळे. कय्यूम खान. पाकिस्तानातून."

उत्तम खाली पाहू लागला. भगवंतरावांनी वामनरावांकडं असं पाहिलं, जणू हे नाव त्यांनीच उच्चारलं होतं. गोदावहिनी दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

"कय्यूम खान?" किसनरावांचा आवाज उलट चढला. "मुंबईले आल्ता तो? अरे, त्याले म्या पाह्यला. कापसाच्या कामानं गेल्तो, दलालानं तिकीट देल्लं. दोन दिवस धंदा सोडून तठीच बसलो होतो."

"मंग तुम्ही पाह्यले असतीन," चांदबी म्हणाली. "पाचही."

"पाच काय?"

"पाच विकेट. मुंबईले घेतल्या त्यानं."

वामनराव पुढं सरकले. त्यांनी किसनरावांकडं पाहिलं. डोळ्यांनी काही सांगता आलं असतं तर सांगायचा प्रयत्न केला. पण किसनराव आठवत होते, भुवया वर करून, आणि आठवणाऱ्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

"नाही बाप्पा," ते म्हणाले. "कोणी सांगतलं तुम्हाले? त्याले तं एकबी नाही भेटली. आपल्या लोकायनं लय झोडपला त्याले."

कढीचं भांडं आत कुठं तरी उतू जात होतं. कुणी उठलं नाही.

चांदबीनं मान वळवली. तिला वामन कुठं बसला आहे हे आवाजाशिवाय कळत होतं. "वामन बेटा?"

"हो, खाला," वामनराव म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच आलं. पुढचं वाक्य त्यांनी गेली चार वर्षं मनात तयार केलं होतं. ते कुठं गेलं कोण जाणे.

चांदबी रडली नाही, रागावलीही नाही. हात ठिगळावरच होता. मग ती किसनरावांकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्याले डोळ्यानं पाह्यला?"

"हो ना. या खांबाइतका दूर. कठड्यापाशी उभा राहे."

"कसा दिसते?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कसा म्हणजे... खांद्यानं रुंद. रंग उन्हानं काळवंडला. कपाळ वर चढलं."

"टकला झाला?"

"झाला नाही, होऊन राहिला."

"त्याचा बापही असाच होता," चांदबी म्हणाली. "दुबळा तं नाही?"

"नाही नाही. पण पाय ओढे थोडा. दुपारनंतर. तरी टाकूनच राहिला, बापा. कॅप्टननं बॉल मागितला का देऊन टाके आणि पुन्हा देल्ला का घे. एकदा त्याच्या बॉलवर कॅच उडाला, हातातला कॅच, आणि त्यायच्याच माणसानं सोडला. आम्ही सारे हसलो. त्यानं कंबरेवर हात ठेवले, त्या माणसाकडं पाह्यलं, आणि मंग तोही हसला."

"हसला?"

"हसला ना. समोरचा दात आडवा आहे, तो दिसला."

चांदबीनं स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं, त्याच जागी. "लहानपणी कमानीवर पडला होता."

"आणि एक गंमत," किसनराव आता रंगात आले होते. अंगण, पाहुणे, साक्षगंध, सगळं त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. "धावायच्या पहिले तो असं करे." त्यांनी उजवा हात पुढं केला आणि हवेत एकदाच बोट ओढलं, नसलेली तार छेडावी तसं. "दर बॉलले. न चुकता. आमचं सारं पब्लिक त्याची नक्कल करे. त्यानं असं केलं का हजारो लोक असं करत. म्याही केलं."

"पुन्हा करा."

"काय?"

"ते. पुन्हा करा." चांदबीनं हात लांब केला. "मले दिसत नाही. माह्या हाताले कळू द्या."

दर्यापूरच्या त्या भारदस्त माणसानं, सोयरिकीच्या सगळ्या माणसांसमोर, आपला हात त्या पिंजारणीच्या हातात दिला आणि तिच्या बोटांखाली पुन्हा हवेत बोट ओढलं. चांदबीचे ओठ हलले.

"तात पाहून राहिला तो," ती म्हणाली. "सुरात आहे का ढिली. कापसाले हात लावायच्या पहिले त्याचा बाप असंच पाहे. एकदाच. न चुकता." थोडा वेळ ती किसनरावांचं बोट धरून बसली. "एवढ्या लोकायनं पाह्यलं म्हणता हे."

"साऱ्या मुंबईनं."

मग ती वामनरावांकडं वळली. आवाजात तक्रार नव्हती; म्हणूनच ते वामनरावांना पुढं कित्येक वर्षं ऐकू येत राहिलं.

"वामन बेटा, तू मले विकेटाच देत राहिला. मले त्या कायले पाहिजे होत्या? तुले वाटलं मी विकेटा मोजून राहिली. मी पोरगा पाहून राहिली होती."

*

जेवणं झाली. निघताना भगवंतरावांनी किसनरावांना बाजूला घेतलं. "ते... पाकिस्तानचं. म्हणजे आमचा काही संबंध नाही. पोरपणी खेळत होते, एवढंच."

किसनराव त्यांच्याकडं बघत राहिले. "भगवंतराव, ते ठिगळ तुम्ही गादीखाली झाकलं होतं?"

भगवंतरावांनी टोपी सारखी केली.

"मी तं त्या ठिगळावर बसलो, हे दर्यापूरले सांगत फिरीन," किसनराव म्हणाले आणि टांग्यात चढले. "लग्नाले हीच सतरंजी पाहिजे, सांगून ठेवतो."

टांगा कोपऱ्यावरून वळला. भगवंतराव अंगणात परत आले तर वामनराव सतरंजीवर, ठिगळाजवळ, पाट उलटा ठेवून त्यावर लिहीत बसले होते. चांदबी शेजारी होती. गोदावहिनी उष्टी ताटं गोळा करत होत्या, पण त्यांचं लक्ष ताटांत नव्हतं.

"काय लिहून राहिला?"

"उत्तर," वामनराव म्हणाले. मान वर केली नाही. वर केली असती तर पेन थांबलं असतं.

"म्या सकाळीच सांगतलं तुले. चौकशी होऊ दे."

"दादा, तुझं नाव नाही टाकलं. घराचं नाही, उत्तमचं नाही. माझ्या शाळेचा, माझ्या खोलीचा पत्ता आहे. माझ्या ओळखीचा आहे, माझ्याकडे अमरावतीला उतरेल, असं लिहिलं. काही झालं तर माझ्यावर येईल."

"आणि तुह्यावर आलं म्हणजे माह्यावर नाही येत?"

तेही खरं होतं. त्यांच्या आयुष्यात दादाचं बोलणं नेहमीच खरं असायचं; त्यामुळंच ते कधी मोडता आलं नव्हतं. हात थांबला.

"उत्तम," गोदावहिनी म्हणाल्या, "तूच बोल. नोकरी तुही आहे."

उत्तम उंबऱ्यात उभा होता. नवं उपरणं अजून खांद्यावर होतं. "मले भेव वाटते," तो खरं तेच म्हणाला. "पण काका माह्या चौकशीपायी थांबले, आणि आजी..." त्यानं चांदबीकडं पाहिलं. "मंग ती नोकरी मले जन्मभर टोचन. काका, माह्यं नाव मात्र नका टाकू."

"नाही टाकलं रे," वामनराव म्हणाले.

वहिनींनी ताटं धप्पकन खाली ठेवली आणि नवऱ्याकडं वळल्या. "अमरावतीच्या खोलीत उतरन तो. तठी एक खाट आणि चारशे पुस्तकं. जेवन काय, कागद? अकोल्याले आईले भेटाले येईन तवा जेवणाचं मी पाहीन. तुम्हाले घरात नसन चालत तं मी चांदबीच्या अंगणात नेऊन वाढीन. इतके वर्स म्या त्याचं रफू केलं. माह्या सुताचा काही हक आहे का नाही?"

भगवंतराव ओट्यावर जाऊन बसले. याद्यांचे कागद उचलले, पुन्हा ठेवले.

वामनरावांनी लिहून संपवलं. फार लांब झालं नव्हतं. 'मित्रा, उशीर झाला. तुझ्यासाठी पत्र सोबत जोडलं आहे, बाबूला दाखव. त्या पाचांचं काही करू नकोस. ते मी घेतले होते आणि आज अंगणात सगळ्यांसमोर गेले. आता अम्मीजवळ खरा सामना आहे, सुटलेल्या कॅचसकट. धावण्याआधीचं तुझं बोट तिनं ओळखलं. सतरंजी आहे. ठिगळ आहे. वहिनीनं सूत बदललं आहे, तेवढं ओळखून घे.'

त्यांनी चांदबीला वाचून दाखवलं. या वेळी जे लिहिलं होतं तेच.

"तुमचं काही लिहू, खाला?"

"नको," चांदबी म्हणाली. "माह्यं मी सांगन. तोंडानं."

वामनरावांनी लिफाफा चिकटवला, कोट घातला आणि फाटकापर्यंत गेले. टपालकचेरीची पेटी उद्या उघडली असती. उद्यापर्यंत आपण टिकणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. स्टेशनावर मेलच्या टपालाच्या डब्यातच टाकलेलं बरं.

"वामन."

ते थांबले. ओट्यावरून भगवंतराव उठले नव्हते. तोंड दुसरीकडं होतं.

"पायी काहून चालला? मेल निघून जाईन. उत्तमची सायकल घे."

*

उन्हं उतरली होती. जिनिंगच्या अंगणांतून कापसाचे ढीग पिवळे दिसत होते आणि रस्त्याच्या कडेला गाड्यांतून गळलेला कापूस काट्यांना लागला होता. वामनरावांना सायकलची सवय राहिली नव्हती. दोनदा उतरावं लागलं. फलाटावर पोचले तेव्हा मुंबईकडं जाणारी मेल उभी होती. टपालाच्या तांबड्या डब्याला, खिडकीखाली, पत्र टाकायची फट होती. आतला माणूस थैल्या बांधत होता.

लिफाफा त्यांनी फटीत घातला, पण सोडला नाही. वाकडी करंगळी कडेला अडकली. अक्षर नीट आहे ना, पत्ता बरोबर आहे ना, 'उशीर झाला' एवढंच लिहिलं ते कमी तर नाही झालं, असं सगळं एकदम मनात आलं.

"मास्तर, टाकता का घेऊन जाता?" आतला माणूस म्हणाला. "गाडी सुटते."

त्यांनी बोटं सोडली.

गाडी हलली. टपालाचा डबा समोरून सरकत, फलाटाच्या उताराशी, मग सिग्नलच्या पलीकडं गेला. सायकल खांबाला टेकवलेली होती. फलाट रिकामा होत होता. वामनरावांनी खाली पाहिलं तेव्हा आपले दोन्ही हात पोटाजवळ आल्याचं त्यांना दिसलं, पंजे उघडे, करंगळीला करंगळी लावलेली. दूर बाभळीपाशी कुणी धावायला सुरुवात करणार असावं तसे. ते त्यांनी खाली घेतले नाहीत.